तळं लागलं!

विहिरीच्या तळाशी उभा राहून मी "तळं लागलं!" असं ओरडलो. ओरडायला नको होतं. चूक एवढीच. पण तिच्यापायी काठावर दोर धरून उभे असलेले सगळे बाप्ये दोर सोडून टेकाडाकडं पळाले, आणि तो मनगटाएवढा जाड दोर, आमच्याकडं त्याला सोल म्हणतात, चाकावरून सरसरत सुटला आणि सगळाच्या सगळा माझ्या आणि माझ्या दाजींच्या अंगावर येऊन पडला. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. वर जायची वाट म्हणजे तो सोलच होता, आणि तो आता आमच्या पायाशी चिखलात वेटोळं करून बसला होता.

नांदेडच्या कॉलेजात पहिलं वर्ष काढून मी त्या उन्हाळ्यात घरी आलो तो एकदम विद्वान होऊनच आलो. विषय घेतला होता भूगर्भशास्त्र. का घेतला, तर त्या वर्गात पोरं कमी होती आणि सहलीला नेतात असं ऐकलं होतं. सहल एकच झाली, तीही एका खाणीपर्यंत. पण सरांकडून परत करायच्या बोलीवर एक हातोडी मागून आणली होती, ती कमरेला खोचून मी गावभर हिंडायचो. दिसेल त्या दगडावर टक्क करून मारायचो, तुकडा उचलून जिभेला लावायचो आणि "हं" म्हणायचो. जिभेला लावायला कारण असतं, मातीचा दगड जिभेला चिकटतो. "हं" म्हणायला मात्र काही कारण नव्हतं. गावानं लगेच मला 'दगडाचा डाक्टर' असं नाव दिलं, आणि एका म्हाताऱ्यानं खरोखरच बाजूला घेऊन मुतखड्यावर औषध विचारलं. मी त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "पानी आसतं तर तुला कशाला इचारलं आसतं?"

त्याचं बरोबर होतं. हट्टा गावच्या बाजारापासून कोसभर आत आमचं गाव, आणि गावाच्या अंगाला आमची वस्ती. गावच्या आडावर पाणी भरायला आम्हाला कुणी अडवत नव्हतं. फक्त आमच्या बाया घागरी घेऊन पोचल्या, की आधी आलेल्या बायांना आणखी दोन घागरी भरायच्या राहिल्यात असं आठवायचं, मग आणखी दोन. वडिलांच्या पिढीनं याच्यावर कधी भांडण केलं नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की आपली विहीर आपण पाडायची. तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, टेकाडाच्या पायथ्याची आपली जमीन दिली, बाकीच्यांनी हात दिले, आणि दर उन्हाळ्यात ती विहीर थोडी थोडी खाली जात राहिली. त्या उन्हाळ्यात घाई होती. अक्का बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मायनं सगळ्या वस्तीला बजावून ठेवलं होतं, "माझ्या लेकीची अंघोळ आपल्या हिरीच्या पान्यानं व्हईल. आडाचं पानी मी आणणार न्हाई."

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओसरी. वडील रेल्वेत गँगमन, पूर्णेकडं. ते हप्त्यातून एखाद्या वेळी यायचे. तेव्हा घर चालायचं ते मायच्या आवाजावर. पहाटे पहिला आवाज भाकरी थापण्याचा, दुसरा बुद्धवंदनेचा आणि तिसरा मला शिव्या देण्याचा, आणि तिन्ही एकाच पट्टीत, त्यामुळे अर्धवट झोपेत वंदना कुठं संपली आणि शिव्या कुठं सुरू झाल्या ते कळायचं नाही. गल्लीत शिजवलेल्या हळदीचा वास भरलेला असायचा. त्या वासात चुलीचा धूर, अंबाडीच्या भाजीची आंबट वाफ आणि अक्काचं दिवसभर चालणारं बोलणं. अक्का बोलायला लागली की समोरच्याला फक्त माना डोलवायच्या असायच्या. म्हणूनच बहुधा तिला दाजी मिळाले.

दाजी नरसीकडले. अबोल माणूस. बायकोला पोचवायला म्हणून आले आणि विहिरीचं काम पाहून, कुणी न सांगता, धोतर खोचून खाली उतरले. मायला हे मुळीच पटलं नव्हतं. जावयानं सासऱ्याच्या गावी घाम गाळायचा म्हणजे काय! पण ते ऐकेनात, तेव्हा तिनं त्याची भरपाई घरात सुरू केली. पहिली भाकर जावयाची. पहिलं ऊन पाणी जावयाचं. खाटेची न झोळणारी बाजू जावयाची. एकदा मी दाजींच्या आधी ताटावर बसलो, तर तिनं माझ्या हातातला घास परत ठेवायला लावला आणि दाजी हात धुऊन येईपर्यंत मला त्या घासाकडं बघत बसवलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीत जावई आधी. हे लक्षात असू द्या.

असंच एकदा दुपारी जेवताना मी मायला पृथ्वी समजावून सांगितली. दुरडीतल्या दोन भाकरी घेतल्या, एकीवर पिठलं पसरलं, दुसरी तिच्यावर ठेवली. म्हणालो, "माय, ही खालची भाकर म्हंजी आपला काळा पत्थर. जमिनीला भेगा पडल्या, आतला रस तापून वर आला, पसरला आन् थिजला. मंग लई काळ काहीच झालं न्हाई. पाऊस पडला, खळग्यात पाणी साचलं, तळं झालं. तळ्यात गाळ बसला, थरावर थर. हे पिठलं. मंग पुन्हा रस आला आन् गाळ झाकून टाकला. ही वरची भाकर."

माय म्हणाली, "आन् खायाची कवा?"

अक्काला हसू आवरेना. पोटाला हात लावून ती म्हणाली, "खाऊ नको माय, त्या दोन भाकरींत दगड निघाले." दाजींनी ती पृथ्वी माझ्या हातातून घेतली, चार घासांत संपवली आणि विहिरीवर गेले.

आता विहिरीबद्दल. खोली आमच्याकडं परसांत मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे कुदळीनं निघणारा कुजका दगड, आणि त्याच्याखाली काळा पत्थर. त्या पत्थरानं मागचे दोन उन्हाळे खाल्ले होते. पहार लागायची नाही, सुरुंग लावून फोडावा लागायचा. आणि त्या उन्हाळ्यात, अचानक, पत्थर संपला. त्याच्याखाली विटेसारखा तांबडा पट्टा निघाला, वीतभर, आणि त्याच्याखाली राखी रंगाची चिकणमाती, इतकी मऊ की फावड्यानं निघावी. वस्तीनं नारळ फोडला. सात परसांवर माती लागली म्हणजे कष्ट संपले, असं सगळ्यांना वाटलं. आज आमच्या शिवारात ज्याच्या त्याच्या वावरात बोअर आहे. मशीन येतं, घरघर करतं आणि भोकातून पीठ उडवतं. पीठ काळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं पांढरं झालं, की शेतकरी म्हणतो थर बदलला. पण थर बघितलेला माणूस आता सापडत नाही. विहिरीत उतरल्यावर थर नुसता दिसत नाही, तो खांद्याला घासतो, त्याचा वास येतो. त्या तांबड्या पट्ट्याला भट्टीचा वास यायचा. वरच्या रसानं तळ्याचा गाळ भाजला होता, तो तसाच भाजलेला राहिला होता.

तात्यांना मात्र ती मऊ माती बघून आनंद झाला नाही. तात्यांचा एक सिद्धांत होता. आमच्या भागात जमिनीतून अधूनमधून गडगड आवाज येतो, तेव्हाही यायचा, आताही येतो. आता फरक एवढाच की आवाज आला की पोरं आधी मोबाईल बघतात आणि मग घराबाहेर पळतात. तर तात्यांचं म्हणणं असं, की खाली एक तळं आहे, थेट औंढ्याच्या डोंगरापासून आमच्या गावापर्यंत पसरलेलं, आणि ते कूस बदलतं तेव्हा आवाज होतो. आपण सगळे त्याच्या झाकणावर बसलो आहोत. काळा पत्थर म्हणजे झाकण. झाकणाखाली मऊ लागलं, म्हणजे आता पातळच लागणार. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तात्या हे सांगायचे आणि मी हातोडी मांडीवर ठेवून "असं नसतं तात्या" म्हणायचो. असं नसतं तर कसं असतं, हे सांगताना मात्र मी इतकी इंग्रजी नावं वापरायचो की ऐकणाऱ्यांना तात्यांचं तळं जास्त पटायचं.

त्या दिवशी दुपारी खणणारे चहाला वर गेले होते. खाली दाजी एकटे घमेली भरत होते. मला तो थर बघायचा होता, म्हणून सोलाच्या फासात पाय घालून मी उतरलो. वर चाकाला तात्या आणि पाच-सहा जण. उतरलो आणि विसरलो, कुठं आहे ते. त्या राखी मातीत आडव्या रेघा होत्या, बारीक, एकीवर एक, जाड पुस्तक मिटून कडेकडून बघावं तशा. एक रेघ गढूळ पाण्याच्या दिवसांची, एक निवळ दिवसांची. हातोडीच्या टोकानं मी एक पापुद्रा सोडवला आणि आतून नखाएवढा शंख निघाला. पिळाचा, पांढरा, गारेचा झालेला. पाण्यातली गोगलगाय. ज्या चिखलात ती मेली त्याच चिखलातून मी तिला पहिल्यांदा उन्हात आणली होती, आणि तिच्या आणि माझ्या मधल्या काळात माणूस नावाचा प्राणी जन्मालाही आला नव्हता. मी गुडघ्यावर बसलो आणि उकरायला लागलो. आणखी एक निघाला. आणखी दोन निघाले. काळ्या पत्थराच्या खाली, कडेला, मी आधी चुलीएवढी खोबण केली, मग न्हाणीएवढी.

दाजी म्हणाले, "लई आत जाऊन राहिला."

"थांबा दाजी," मी म्हणालो, "हितं तळं हाय. खरंखुरं तळं."

आणि मग तो आनंद मला एकट्याला सोसेना. मी खोबणीतून बाहेर आलो, मान वर केली आणि जेवढा दम होता तेवढ्यानं ओरडलो, "तात्या! तळं लागलं!"

विहिरीत आवाज भोपळ्यातून आल्यासारखा घुमतो. तळं, तळं, तळं, असं वरपर्यंत गेलं. आणि त्याच वेळी, मी इतकं उकरून ठेवल्यामुळे, खोबणीच्या कडेचा मातीचा एक मोठा ढेपसा सुटला आणि तळाच्या घोटाभर साचलेल्या गढूळ पाण्यात धबाक् करून पडला. वर ऐकणाऱ्यांना तळं लागल्याची खबर आणि तळ्याचा आवाज एकदमच पोचले. तात्यांची किंकाळी मला अजून आठवते. "झाकण फुटलं रे! पळा!"

पुढचं सांगितलंच आहे. दाजींनी भरलेलं एक घमेलं तेव्हा सोलाला अडकून अर्ध्यावर गेलं होतं; ते आधी आलं, त्याच्यामागं सोल. घमेलं दाजींच्या खांद्याला घासून गेलं. मग एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मी पहिल्यांदा तो दुसरा आवाज ऐकला. कट्. लाकूड मोडावं तसा, पण बारीक. मी वर बघितलं. खोबणीवर जो काळ्या पत्थराचा कडा पुढं आलेला होता, बैलगाडीच्या साटीएवढा, त्याच्यात सुरुंगाची जुनी चीर होती. तिच्यातून दोन खडे पडले. भाकरीखालचं पिठलं मी हातानं काढून घेतलं होतं.

घाबरल्यावर माणसाला शहाणपण सुचतं असं म्हणतात. मला शास्त्र सुचलं. सरांनी सांगितलं होतं, चीर वाढते की नाही बघायचं असेल तर तिच्यावर लिंपण लावावं. मी ओली माती घेतली आणि हात पुरला तिथं चिरेवर आडवी फासली. दाजी आणि मी तिच्याकडं बघत उभे राहिलो. बघता बघता मातीच्या मधोमध केसाएवढी रेघ उमटली. मग सुतळीएवढी झाली. शास्त्र चोख होतं. त्यानं आम्हाला आणखी जास्त घाबरवण्यापलीकडं काही केलं नाही.

वर कुणी नव्हतं असं मला वाटलं होतं, पण अक्का होती. सातवा सरत आलेली बाई पळणार कशी. "पळता येईना म्हणून थांबले," असं ती आजही सांगते. काठाशी तिचं डोकं दिसलं.

"हायेत का रे तुमी?"

"हाव!" मी ओरडलो. "अक्का, मागं सर. कडा हालून राहिला."

"पानी कुठवर आलं?"

"पाणी न्हाई! पाणी न्हाईच!"

"मंग वरडला काहून?"

दाजी मधेच बोलले, "दोर बघ." अक्का गेली. मग मायचा आवाज ऐकू आला, आधी लांबून, टेकाडाकडं तोंड करून. त्यातले शब्द इथं लिहिता येत नाहीत, पण आशय असा की लेकराला आणि जावयाला गाडून जे वर जाऊन उभे राहिलेत त्यांनी खाली यावं, नाहीतर तीच वर येईल. ते आले. तात्यांचं डोकं काठावर यायला फार वेळ लागला, आणि आलं तेही कपाळापर्यंतच.

"मिल्या, किती मोठं हाय?"

"तात्या, तसं तळं न्हाई! जुनं हाय, जुनं!"

"किती जुनं?"

"कोट्यवधी वर्षांचं!"

तात्या मागं वळून म्हणाले, "आरं देवा. तवापासून साचून राहिलं म्हंजी!"

"साचलं न्हाई! आटलं, तात्या! कवाचंच आटलं!"

"आटलं तर मंग लागलं कसं?"

कट्. ह्या वेळी खडे नाही पडले, मूठभर भुगा पडला, दाजींच्या टाळूवर. लिंपणाची रेघ आता बोटाएवढी होती. मी रडायच्या बेतात आलो होतो आणि वर तळ्याच्या व्याख्येवर वाद चालू होता. तेवढ्यात मायनं तात्यांना बाजूला केलं असावं, कारण काठावरून एक लांब काळपट दोर लोंबत खाली आला. बैलांचे कासरे एकमेकांना गाठी मारून अक्कानं आणि मायनं तो केला होता. माणूस ओढायला तो कामाचा नव्हता, पण सोलाचं टोक त्याला बांधून वर देता आलं. दाजींनी गाठ मारली. सोल वर गेला, चाकावरून फिरला आणि फास होऊन परत खाली आला. आला तो बरोबर त्या कड्याखाली. चाकच त्या अंगाला होतं. फासात पाय घालायचा तर कड्याखाली उभं राहूनच घालावा लागणार होता.

"तू जा," दाजी म्हणाले.

"न्हाई दाजी, तुमी."

"लेकरू आधी जातं. जा म्हणतो ना."

वरून माय ओरडली, "जावाई आधी!"

आम्ही दोघांनी वर बघितलं. माय काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "उत्तमराव, तुमी आधी! त्याचं ऱ्हाऊ द्या. त्यानं करून ठिवलंय, त्यो थांबंल."

"आत्याबाई, त्ये पोरगं हाय—" दाजी म्हणाले. सासूशी इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते.

"माझं मी बघते! आधी जावाई!"

आणि मला अजून नवल वाटतं, पण त्या कड्याखाली, तो तुटत असताना, आम्ही दोघं जेवायच्या पंगतीत करतात तसा आग्रह करत उभे होतो. तुम्ही, नाही तुम्ही. शेवटी अक्काचा आवाज आला, आणि तो आवाज थरथरत होता. तिचं बोलणं मी जन्मभर ऐकत आलो होतो, पण ते थरथरताना कधी ऐकलं नव्हतं. "तुमी तिथं मान घेत बसून राहिला का? कुणी बी एक या ना वर!"

दाजी गेले. मी विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि त्यांचे चिखलानं भरलेले पाय वर वर जाताना बघत राहिलो. ते काठाशी पोचले, कुणीतरी हात धरून ओढून घेतलं. अक्काचा हुंदका ऐकू आला. मग फास पुन्हा खाली सुटला. तो खाली येऊन कड्याखाली झोके घेत थांबला. मी एक पाऊल पुढं टाकलं.

आवाज कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण आवाज ऐकू येण्याच्या पलीकडला होता. छातीत काहीतरी बसल्यासारखं झालं आणि सगळीकडं राखी धूर झाला. तोंडात माती, डोळ्यांत माती. कडा पडला होता. जिथं फास झोके घेत होता तिथंच पडला होता, आणि माझ्या खोबणीवर, माझ्या गोगलगायींवर, माझ्या त्या सगळ्या रेघांवर झोपला होता. मी भिंतीला चिकटून उभा होतो. हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी होतं.

"मिल्या!" वरून माय.

मी बोललो नाही.

"मिल्या! ए मिल्या, वो दे रे!"

मी मुद्दाम गप्प नव्हतो, हे मी पुढं शपथेवर सांगितलं आहे, आणि कुणाला ते पटलेलं नाही. धूर बसत होता, आणि कडा जिथून निखळला होता तिथं, काळ्या पत्थराच्या पोटात, तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वर, एक नवी उघडी भेग दिसत होती. तिच्यातून काहीतरी चमकलं. मग सुळ्ळ असा बारीक आवाज आला. आधी थेंब, मग करंगळीएवढी धार. तांबडा थर पाणी खाली जाऊ देईना, म्हणून ते पत्थराच्या भेगांत अडून बसलेलं होतं, आणि आता त्याला तोंड मिळालं होतं. धार कड्यावर पडत होती, कड्यावरून ओघळत माझ्या पायाशी येत होती. निवळ. मी बघत होतो. वर माय माझं नाव घेत होती, तात्यांनी गळा काढला होता, कुणीतरी "ग्येलं पोरगं" म्हणालं तेही मला स्पष्ट ऐकू आलं, आणि तरी माझ्या घशातून हवा निघत होती, शब्द निघत नव्हता.

दाजी परत खाली आले. फासाबिसाची वाट न बघता सोलाला धरून, हातावर हात, विहिरीच्या आता मोकळ्या झालेल्या बाजूनं. तळवे सोलून निघाले होते. त्यांनी आधी मला चाचपलं, दोन्ही खांदे, मान, डोकं. मग माझी नजर कुठं लागली आहे ते बघितलं. ते धारेपाशी गेले, ओंजळ भरली, आणि मला वाटलं पितील, पण त्यांनी ती सगळी माझ्या तोंडावर मारली. मग वर तोंड करून, न ओरडता, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "हाय. जित्ता हाय. आन् पानी लागलं."

वर कुणी पळालं नाही. ह्या वेळी कुणी विश्वासच ठेवला नाही. घागर सोडून, भरून, वर ओढून दाखवावी लागली तेव्हा कुठं तात्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "हं," ते म्हणाले.

संध्याकाळी मायनं त्याच पाण्यात हुलग्याचे शेंगोळे केले. पाण्याला जरा मातीची चव होती, ती कुणी बोलून दाखवली नाही. ओसरीवर वस्तीतली माणसं येत होती, घागरीत डोकावत होती, जात होती. दाजींच्या हातांना हळद लावून फडकं गुंडाळलेलं, त्यामुळे अक्का त्यांना भरवत होती, आणि दाजी लाजून भिंतीकडं बघत होते. मी माझ्या ताटासमोर बसलो होतो. दाजींचा पहिला घास झाल्यावर मायनं मला मानेनं खुणावलं, आता खा. मी खिशातून तो एकच वाचलेला शंख काढला आणि, कुणीतरी विषय काढावा म्हणून, ताटाशेजारी ठेवला. तात्यांनी तो उचलला, कानाला लावला, काही ऐकू आलं नाही म्हणून परत ठेवला.

"हेच त्ये तळं का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यातलं पाणी किती दिवस राहिलं असेल, त्यात काय काय जगत असेल, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण अक्कानं दाजींना भरवता भरवता हात थांबवला आणि माझ्याकडं वळून बघितलं. दुपारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"तू गपच बस," ती म्हणाली. "चिखल लागला तवा वरडून गाव पळवलंस, आन् पानी लागलं तवा मुका झालास. मह्या लेकराला मी काय बी शिकवीन, पर तुझं डाक्टरपण न्हाई शिकवायची."